सहा सीटांची कव्हरं

गेलं वर्षभर नांदेडहून लातूरला जाताना, चाकूर सोडलं की मी रस्त्याकडेच्या एका लिंबाखाली गाडी थांबवत होतो. बायको आणि मी खाली उतरायचो, डिकीतलं गाठोडं काढायचो आणि सहाही सीटांना कव्हरं चढवायचो. पाऊण तास जायचा. परत येताना त्याच लिंबाखाली ती काढायची, घडी घालायची आणि पुन्हा डिकीत. हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. माझं वय चोपन्न आहे, सरकारी नोकरीत अभियंता आहे, हाताखाली माणसं आहेत. आणि मी हे केलेलं आहे.

कव्हरं माझ्या मोठ्या भावानं शिवलेली होती.

आम्ही दोघंच भाऊ. मूळचे लातूरजवळच्या मुरुडचे. वडील लातूरला दालमिलमध्ये कामाला लागले तेव्हा शहरात आलो. दादा माझ्यापेक्षा नऊ वर्षांनी मोठा. मोंढ्याच्या, म्हणजे धान्यबाजाराच्या, मागच्या रस्त्याला त्याचं सीट कव्हरचं दुकान आहे. दहा फूट बाय बारा, पुढं ताडपत्रीची सावली, त्या सावलीत उभी असलेली कुणाची तरी जीप, नाहीतर ऑटो, नाहीतर दारं उघडी टाकलेली कार. मी शिकावं म्हणून दादानं शाळा सोडली, असं मी पुष्कळ ठिकाणी सांगितलं आहे. ऐकणाऱ्याला ते आवडतं. पण ते खरं नाही. दादाला शाळेत करमत नव्हतं. आठवीत असताना तो एका कुशनवाल्याच्या दुकानात जाऊन बसायला लागला आणि तिथून उठलाच नाही. मला नांदेडला विष्णुपुरीच्या इंजिनिअरिंग कॉलेजात घातलं ते त्यानं आणि वडिलांनी मिळून, हे मात्र खरं. पण तो कधी बिचारा नव्हता. त्याला त्याचं काम मनापासून आवडत होतं. त्याला बिचारा करून सांगणं माझ्या सोयीचं होतं, एवढंच.

त्याचं काम बघण्यासारखं होतं. जुन्या जीपच्या सीटा काथ्यानं भरलेल्या असत. गिऱ्हाईक आलं की दादा आधी मोजमाप घ्यायचा नाही. ड्रायव्हरच्या सीटवर जाऊन बसायचा, डोळे मिटून, जरा इकडं-तिकडं सरकून. मग उतरून विचारायचा, ‘डावी कंबर दुखती का हो तुमची?’ ड्रायव्हर चकित. सीट कुठं दबली आहे यावरून बसणारा कसा बसतो ते त्याला कळायचं. ‘माणूस तोंडानं काहीबी सांगंल,’ तो म्हणायचा, ‘सीट खोटं बोलत न्हाई.’ मी तेव्हा शाळेचा अभ्यास दुकानाच्या मागच्या बाजूला, रेक्झिनच्या थप्पीवर बसून करायचो.

आता गाडीचं सांगतो.

माझी मुलगी अकरावीपासून लातूरला क्लासला आहे. राहते दादाकडे. तिला होस्टेलवर ठेवण्याचा विषय मी काढला होता, तेव्हा वहिनी पंधरा दिवस माझ्याशी फोनवर बोलली नाही. मुलीमुळे आमच्या लातूरच्या खेपा वाढल्या आणि जुनी छोटी गाडी थकली. मग गेल्या वर्षी आम्ही ही विजेवरची मोठी गाडी घेतली. सहा सीटांची, तीन रांगांची.

गाडी बायकोनं आणि मुलीनं निवडली. शोरूममधला पोरगा बॅटरी, किलोमीटर, स्क्रीन यांचं सांगत होता आणि बायको मधल्या रांगेत बसून पाय लांब करून बघत होती. मधल्या रांगेत दोन सुट्या सीटा, आरामखुर्चीसारख्या, दोन्हींच्या मध्ये चालत मागं जाता येईल एवढी वाट. खाली जमीन सपाट. जुन्या गाडीत मध्ये जो उंचवटा पायाला लागायचा तो नाही. वर अख्खं छत काचेचं. आणि सीटा अशा, की हात लावायला भीती वाटावी. दुधाळ पांढरट रंग, त्याला बारीक बारीक भोकं, बटण दाबलं की त्या भोकांतून पाठीला आणि मांडीला गार वारा लागतो. नांदेडच्या मे महिन्यात हे सुख काय आहे ते तिथं राहणाऱ्यालाच कळेल. बायको म्हणाली, ‘हळदीचा एक डाग पडला की संपलं.’ पण म्हणताना ती सीटवरून हात फिरवत होती, झोपलेल्या लेकराच्या पाठीवरून फिरवावा तसा.

गाडी पहिल्यांदा लातूरला नेली तेव्हा दादाच्या दारात गर्दी झाली. आमच्याकडे नारळ-लिंबू काही नसतं. वहिनीनं गाडीपुढं उभं राहून त्रिशरण-पंचशील घेतलं, सगळ्यांना पेढा दिला, झालं. दादा म्हणाला, ‘काचेचं छत? लातुरात? आरं, ही गाडी हाय का पापड वाळवायची जागा?’ मग आम्ही आत जेवायला बसलो आणि तो म्हणाला, तुम्ही बसा, मी आलोच. तो तासभर आला नाही. आम्हाला वाटलं, हौसेनं बघतोय.

तो मापं घेत होता. वर्तमानपत्रं सीटांवर पसरून, टाचण्या लावून, खडूनं खुणा करून त्यानं सहाही सीटांचे कागद कापले होते. महिन्यानं आम्ही गेलो तेव्हा कव्हरं तयार. गडद कॉफी रंगाचं रेक्झिन, कडेला दुधाळ पायपिंग, सीटच्याच रंगाचं, कुठून मिळवलं कोण जाणे. मुलीच्या सीटला मानेखाली एक छोटी उशी, सुटी, ती झोपते म्हणून. अख्खी दुपार बसून त्यानं सगळी कव्हरं स्वतः चढवली. तेव्हाच त्याच्या डोळ्यांत मोतीबिंदू सुरू झालेला असणार, कारण नाडी ओवताना तो गाडीत अर्धा आत शिरून, गाल सीटला टेकवून, बोटांनी चाचपत होता.

मी बाजूला उभा होतो. पुढच्या सीटच्या बाहेरच्या बाजूला एक छोटी कापडी पट्टी शिवलेली असते, आत एअरबॅग आहे हे सांगणारी. अपघात झाला तर सीटची ती कड फाटते आणि फुगा बाहेर येतो. तिथं कव्हर घालायचं नाही, असं गाडीच्या पुस्तकात पहिल्या काही पानांतच लिहिलं आहे. मी ते वाचलं होतं. मी इंजिनिअर आहे. दादाचा हात ती पट्टी झाकत होता आणि मी बघत होतो.

काम संपलं. तो मागं सरला, हात पँटला पुसले आणि माझ्याकडे बघितलं.

मी म्हणालो, ‘एकदम फिट बसलं, दादा.’

परतीच्या वाटेवर चाकूरच्या अलीकडे बायकोनंच विषय काढला. तिनंही पुस्तक वाचलं होतं. तो लिंब दिसला, मी गाडी कडेला घेतली आणि आम्ही दोघांनी ती कव्हरं काढली. पट्टी पुढच्याच सीटांना होती, पण मधल्या सीटांचा गार वाराही कव्हरांनी अडवला होता, म्हणून सगळीच. पुढच्या खेपेला सांगू, मी म्हणालो. पुढच्या खेपेला मी त्याच लिंबाखाली ती चढवली.

बायको पहिल्यांदा हसली. नंतर हसेना. एकदा चिखलात उभं राहून मागच्या सीटखाली हात घालताना म्हणाली, ‘अहो, धरणाच्या भिंतीवर उभं राहून ठेकेदारांना झापता तुम्ही. भावाला एक वाक्य सांगायला काय होतंय?’ मी म्हणालो, त्याला वाईट वाटेल. ती म्हणाली, ‘त्यांना नाही, तुम्हाला वाटेल.’ मी दुसऱ्या बाजूची नाडी ओढायला वळलो.

पण खरी गोष्ट दिवाळीत झाली. मुलगी सुट्टीला नांदेडला येत होती. लिंबाखाली तीही आमच्याबरोबर उतरली, मुकाट्यानं नाड्या सोडू लागली, स्वतःच्या सीटची छोटी उशी तेवढी काढून मांडीवर घेतली. ‘ही राहू दे,’ म्हणाली. परत लातूरला सोडायला गेलो तेव्हा दादानं तिला विचारलं, काय गं, कव्हर तापतं का उन्हात? आणि माझ्या मुलीनं माझ्याकडे न बघता, अगदी सहज सांगितलं, ‘नाही हो मोठे बाबा, मस्त आहे. मी तर त्याच्यावर झोपूनच येते.’ एवढं सफाईदार. मी तिथं चहा पीत होतो. खोटं बोलायला मी तिला कधी सांगितलं नव्हतं. तिनं नुसतं बघितलं होतं, आणि बघून तिला ते आलं होतं.

मुलगी अगदी माझ्यावर गेली आहे, असं सगळे म्हणतात. त्या दिवशी मला ते पहिल्यांदा झोंबलं.

आता जे लिहायचं आहे ते याहून जुनं आहे. त्याशिवाय हे कव्हरांचं प्रकरण नुसतं हसण्यासारखं वाटेल.

पंधराएक वर्षांपूर्वी आमचे मोठे साहेब नवी गाडी घेऊन दौऱ्यावर लातूरला आले होते. मीही बरोबर होतो. साहेबांच्या ड्रायव्हरनं सांगितलं, लातुरात मोंढ्याच्या मागं एक कुशनवाला आहे, त्याच्या हातासारखा हात मराठवाड्यात नाही. साहेब म्हणाले, चला बघू. मी खिडकीबाहेर बघत राहिलो. गाडी दुकानापुढं थांबली. दादा जमिनीवर बसून रेक्झिन कापत होता, अंगात बनियन, ओठांत दाभण. त्यानं वर बघितलं. आधी मला बघितलं, मग साहेबांना, मग पुन्हा मला. दाभण काढून तो उठला आणि म्हणाला, ‘या साहेब, या.’

ते ‘साहेब’ तो माझ्याकडे बघून म्हणाला होता.

मोठ्या साहेबांनी मला विचारलं, ‘ओळखता वाटतं तुम्ही यांना?’

‘हो,’ मी म्हणालो. ‘ओळखीचे आहेत. चांगलं काम करतात.’

दादा सीटची मापं घेत होता. त्यानं मान वर केली नाही. जाताना साहेबांना पाणी दिलं, मलाही दिलं, त्याच पेल्यातून, त्याच अदबीनं. संध्याकाळी मी घरी गेलो नाही, सर्किट हाऊसवर राहिलो. पुढच्या खेपेला तो नेहमीसारखा बोलला, जेवायला वाढलं, ताटात भाकरी संपू दिली नाही. मी वाट बघत राहिलो की तो काढेल विषय. त्यानं काढला नाही. मग मला तो काढायचा धीर झाला नाही. पंधरा वर्षं.

कव्हर नको, हे मी दादाला का सांगू शकलो नाही, हे आता कळेल. तुझी कव्हरं माझ्या गाडीला चालत नाहीत, हे वाक्य माझ्या तोंडून निघालं तर त्यात ते जुनं वाक्य ऐकू येईल, अशी मला भीती होती. त्याला ऐकू येईल आणि मलाही.

या फाल्गुनात दादाच्या डोळ्याचं ऑपरेशन ठरलं. लातूरलाही झालं असतं, पण तिथं तो दुसऱ्या दिवशी हिरवी पट्टी बांधून दुकान उघडेल, असं वहिनीनं सांगितलं. म्हणून नांदेड. आठ दिवस आमच्याकडे. वहिनी दोन दिवसांनी एसटीनं येणार होती. मुलीची परीक्षा चालू होती, ती तोवर संपणार होती. आम्ही सकाळी लातूरला पोचलो, अर्थात लिंबाखाली थांबून. दुपारी एक वाजता दादाला घेऊन निघालो. सकाळी मी चालवली होती म्हणून आता बायको चालवत होती. दादाला पाय लांब करता यावेत म्हणून पुढं बसवलं. मी मधल्या रांगेत. सहाही सीटांवर कॉफी रंगाची कव्हरं.

या गाडीला आवाज नाही. जुन्या गाडीत न बोलणं खपून जायचं, इंजिन बोलत असायचं. इथं दोन माणसं गप्प बसली की ती गप्प बसली आहेत हे ऐकू येतं. दादा थोडा वेळ दवाखान्याचं बोलला, मुलगी पहाटे किती वाजता उठते ते बोलला, मग तोही गप्प झाला.

चाकूर जवळ आलं. तो लिंब दिसला. बायकोनं डावा दिवा लावला, वेग कमी केला आणि गाडी सावलीत नेऊन उभी केली.

तिचा हात दाराकडे गेला आणि तिथंच थांबला. आरशात तिचे डोळे मला दिसले. वर्षभराच्या सवयीनं तिनं गाडी वळवली होती, दादा शेजारी बसलेला असताना.

‘का गं बाई,’ दादा म्हणाला, ‘हितं कामून थांबलीस?’

ती खोटं बोलू शकली असती. पाणी प्यायला, म्हणाली असती. तिनं आरशातून पुन्हा माझ्याकडे बघितलं. मग म्हणाली, ‘सवयीनं, दादा.’

दादानं खिडकीतून वर लिंबाकडे बघितलं. खालच्या मातीकडे बघितलं. तिथं आमच्याच चाकांच्या खुणा असणार, पण त्या त्याला दिसत नव्हत्या.

‘सावली बरी हाय,’ तो म्हणाला. ‘हितंच काढता व्हय?’

तो दार उघडून खाली उतरला, म्हणून मीही उतरलो.

‘दसऱ्यापासनं ठावं हाय मला,’ तो म्हणाला. त्यानं वाकून सीटखाली हात घातला आणि नाडीची गाठ बोटांत धरली. ‘ही गाठ माझी न्हाई. मी आखूड मारतो, दाबून. ही बुटाची गाठ हाय. तुला मीच शिकवली, मुरुडला, शाळेच्या पायरीवर. आजून तशीच मारतोस, डावा कान मोठा.’ मग त्यानं सीटच्या बैठकीवर तळवा फिरवला. ‘अन ह्याला कुणाचं अंग लागलेलं न्हाई. वरीस झालं. वरीसभर बसलेल्या कव्हराला बसणाऱ्याचा आकार येतो, बारक्या. हे दुकानातल्यावानी हाय.’

मला अजूनही तो बारक्या म्हणतो. आमच्या घरात दुसरं कुणी आता ते नाव घेणारं नाही.

मी सांगितलं. एअरबॅगचं, त्या पट्टीचं, पुस्तकात काय लिहिलंय ते. उभ्या उभ्या सांगितलं, रस्त्यावरून उसाचे ट्रॅक्टर जाईपर्यंत थांबत थांबत. एका वर्षात जे वाक्य निघालं नव्हतं ते दोन मिनिटांत संपलं. दादानं सगळं ऐकून घेतलं.

‘म्हंजे फुगा अडकतो.’

‘अडकू शकतो.’

‘अन मी आता कशावर बसून आलो?’

मी पुढच्या सीटकडे बघितलं.

‘माझं ऱ्हाऊ दे. पोरगी? लातुरात आलास की तिला पुढं बसवून क्लासला सोडतोस. कव्हर घातलेल्या सीटवर.’

हे मला कधीच सुचलं नव्हतं. खरंच सुचलं नव्हतं. मी कव्हरं काढत होतो ती आमच्या जिवाला जपून, आणि चढवत होतो ती नेमकी तेव्हा, जेव्हा माझी मुलगी आणि माझा भाऊ गाडीत असायचे. धोका टाळायचा आम्ही दोघांनी आणि पत्करायचा त्यांनी. मी दाराला धरून उभा राहिलो. बायकोनं तोंडाला पदर लावला होता. तिलाही ते त्याच क्षणी कळलं असावं.

‘मी कापड कापणारा माणूस हाय,’ दादा म्हणाला. आवाज साधाच होता. ‘बाजू उघडी ठेव, एवढं म्हणला असतास तर उघडी ठेवली असती. घालूच नको म्हणला असतास तर घातलं नसतं. मला समजायचं न्हाई, असं कामून वाटलं तुला?’

मग त्यानं बाह्या वर केल्या. आम्ही तिघांनी मिळून कव्हरं काढली. वर्षभरात इतकी पटकन कधी निघाली नव्हती. तो कुठं ओढायचं ते बोटानं दाखवत होता. काढलेल्या कव्हरांची त्यानं स्वतः घडी घातली. कापड चांगलं आहे, लोडाच्या खोळी होतील, म्हणाला. मग उघड्या सीटपुढं उभा राहून, तोंड जवळ नेऊन, अंगठ्यानं शिवण वाचत वाचत तो बाहेरच्या कडेला आला. ती पट्टी त्याला सापडली. तिच्या खाली-वर बराच वेळ त्यानं अंगठा फिरवला.

‘हे बघ,’ तो मला म्हणाला. ‘हितं बोट लाव. बाकी टाका दाट हाय, हितं विरळ. दोराबी कच्चा घातलाय, मुद्दाम. फुटावा म्हणून.’ तो हसला. ‘शिवणारा हुशार हाय. आम्ही जन्मभर उसवू नये म्हणून शिवलं. ह्यानं उसवावं म्हणून शिवलंय.’

निघताना तो पुढं बसेना. मागं बसू, म्हणाला, बघू तर खरं कसं केलंय. मधल्या दोन सीटांच्यामधून तो वाकून तिसऱ्या रांगेत गेला आणि मला म्हणाला, ये. म्हणून मीही गेलो. बायको पुढं एकटी, मध्ये दोन रिकाम्या खुर्च्या, आणि आम्ही दोघं म्हातारे होत चाललेले भाऊ अगदी मागं, गुडघे छातीपाशी घेऊन. त्या सीटा लहान आहेत. खांद्याला खांदा लागत होता.

त्याच्याकडे बघावं लागत नव्हतं म्हणून मला बोलता आलं असेल.

‘दादा, मोठ्या साहेबांची गाडी आठवते का?’

‘पांढरी. मागली सीट अखंड होती.’

‘त्यांनी मला विचारलं होतं, ओळखता का म्हणून.’

त्यानं पुढच्या रिकाम्या खुर्चीच्या पाठीवरची शिवण चाचपली.

‘मी ओळखीचे आहेत म्हणालो.’

‘हाव.’

‘तू ऐकलंस.’

‘दहा फुटाचं दुकान हाय. ऐकू येणारच की.’

पुढच्या आरशातून बायकोचे डोळे दिसत होते. तिला यातलं काहीच माहीत नव्हतं. ती रस्त्याकडे बघत राहिली.

‘पण आधी साहेब मीच म्हणलो तुला,’ दादा म्हणाला. ‘तुझं तोंड बघितलं. म्हणलं, पोरगं अडचणीत हाय, आपण मोकळं करावं. मग वाटलं, आता म्हणंल. त्यांनी विचारलं तवा मी टेप सीटवर धरून थांबलो होतो जरा. माप झालं होतं घेऊन, तरी थांबलो.’

एक ट्रक आम्हाला ओलांडून गेला.

‘म्हणला न्हाईस.’

‘चुकलं माझं, दादा.’

‘चुकलं,’ तो म्हणाला.

तो असू दे म्हणाला असता, तर मी ते नेहमीसारखं घेतलं असतं आणि पुन्हा गप्प बसलो असतो. तो चुकलं म्हणाला आणि त्यानं त्याचा हात माझ्या गुडघ्यावर ठेवला. कातरीनं अंगठ्याला पडलेला घट्टा पँटमधून जाणवत होता. मला रडू आलं. चोपन्न वर्षांचा माणूस तिसऱ्या रांगेत बसून रडत होता आणि त्याचा भाऊ काचेच्या छताकडे बघत होता.

‘वहिनीला सांगितलंस कधी?’ थोड्या वेळानं मी विचारलं.

‘येडा हायस का? तुला भाकर वाढली असती का तिनं?’

बायको पुढून हसली, रडता रडता हसतात तशी. दादाही हसला. मग हसू थांबवून म्हणाला, ‘पोरीला सांग. आत्ता लाव फोन. पेपर सुटला असंल तिचा.’

‘कव्हरांचं?’

‘समदं. दिवाळीला माझ्या तोंडावर काय सफाईनं बोलली माहीत हाय का? मला वाईट वाटलं ते तिचं. तुझी मला सवय झाली, तिची नको व्हायला.’

मी फोन लावला. ती घाबरली, या वेळेला मी कधी करत नाही. मी सांगितलं की कव्हरांचं मोठ्या बाबांना कळलं आहे, आधीपासूनच कळलं होतं, आणि कव्हरं आता कायमची काढली. ती म्हणाली, ‘म्हणजे आता मला त्यांच्याशी खोटं नाही ना बोलावं लागणार?’ मी नाही म्हणालो. मग तिची क्षमा मागितली, ती त्या सीटवर पुढं बसायची म्हणून. आणि मग दुसरी गोष्ट सांगितली. दुकानाची, पांढऱ्या गाडीची, मी काय म्हणालो त्याची. दादा शेजारी बसून ऐकत होता, त्यामुळे त्यात काही गाळता आलं नाही, काही गोड करता आलं नाही.

तिच्या मागं पोरींचा गलका चालू होता, तो लांब गेला; ती बाजूला सरकली असावी.

‘बाबा,’ मग ती म्हणाली, ‘तुम्ही असं म्हणालात?’

‘हो.’

तिला मला माफ करायची घाई नव्हती, आणि ते बरोबरच होतं. घरी आल्यावर मला तुमच्याशी बोलायचं आहे, ती म्हणाली. नीट बसून. मी म्हणालो, बसू. मग ती म्हणाली, मोठ्या बाबांना द्या.

मी फोन दादाकडे दिला. त्यानं तो कानाला लावला आणि पेपर कसा गेला ते विचारलं. ती बराच वेळ बोलत होती. मला नुसता आवाज येत होता, शब्द नाही. दादा मध्ये मध्ये हाव म्हणत होता, एकदा न्हाई म्हणाला, एकदा ‘आगं, रडतीस कामून’ म्हणाला. मग त्यानं विषय बदलला. तू म्हणतीस तशी ही मागली सीट भारी-बिरी काही न्हाई, तो तिला सांगू लागला. खाली बॅटरी ठेवलीय म्हणून जमीन वर आली, जमीन वर आली म्हणून गुडघे वर, अन मग मांडी उघडी पडते, तिला आधार न्हाई. चार बोटं उंच उशी पुढल्या कडेला दिली तर जमतंय. डोळा बरा झाला की मी करून देतो. बापाला विचारून.

‘विचार त्याला,’ त्यानं तिला सांगितलं आणि फोन माझ्या तोंडापुढं धरला.

मी म्हणालो, या सीटमध्ये फुगा नाही. उशी सुटी असेल, तर चालेल.